मायसाठी इंटरकूलर

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. जिवतीच्या घाटात मी रोज गाडी चालवतो आणि रोज कुणावर तरी भडकतो. खड्ड्यांवर, सिमेंटच्या ट्रकांवर, रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलेल्या म्हशींवर. म्हशींना त्याचं काही वाटत नाही. घरात बायकोला थोडं वाटतं, पण ती ऐकून घेते आणि मग चार दिवसांनी एका वाक्यात सगळं व्याजासकट परत करते. माझ्या रागाला खरोखर न भिणारं माणूस एकच, माझी माय.

माय वैनगंगेच्या काठची, ढिवराच्या, म्हणजे मासे धरणाऱ्याच्या घरची. तिच्या बापानं काय पाहून तिला आमच्या डोंगरावर दिली, ते त्यालाच ठाऊक. आमच्याकडे नदी नाही, तलाव नाही. कापूस, तूर, सोयाबीन, सगळं आभाळाच्या भरवशावर. आणि उन्हाळ्यात टँकर आला की लग्नाची पंगत बसल्यासारखी गर्दी. माय म्हणायची, "माह्या बापानं मले मासोळीवानी फेकलं, अन् तेही वाळूत." पण रडत बसली नाही. येताना बांबूची सुई आणि बांबूची पट्टी घेऊन आली होती, त्यावर ती जन्मभर जाळी विणत राहिली. मासे नव्हतेच, म्हणून तिनं जाळ्यांना दुसरी कामं लावली. कोंबडीच्या पिल्लांवर जाळं, वाळत घातलेल्या मिरच्यांवर जाळं, विहिरीच्या तोंडावर जाळं. मी लहान असताना माझ्या पाळण्यावरही जाळंच होतं. जे निसटेल, जे उडेल, ज्याला कोणी चोच मारेल, त्यावर जाळं टाकायचं, हा तिच्या माहेरचा कायदा.

तिच्या किडन्या निकामी झाल्या, तेव्हापासून आमच्या घराचा आठवडा सोमवार आणि गुरुवार या दोन खुंट्यांना टांगला गेला. त्या दोन दिवशी चंद्रपूरला डायलिसिस. पहाटे अंधारात घाट उतरायचा, गडचांदूर, राजुरा, मग वर्धा नदीचा पूल. पुलावर मी न सांगता गाडी हळू करायचो, कारण मायला पाणी बघायचं असायचं. मग बल्लारपूर, मग चंद्रपूर. जाताना काही त्रास नव्हता. पहाटेची हवा, उताराचा रस्ता.

त्रास येतानाचा. मशीनवरून उतरलेलं माणूस पिळून काढलेल्या कपड्यासारखं होतं. तिला पाठ टेकायची असे आणि दवाखान्याच्या व्हरांड्यातली लोखंडी बाकं तोवर तापलेली असत. म्हणून संध्याकाळची वाट न बघता दुपारीच निघावं लागायचं. चंद्रपूरची मे महिन्यातली दुपार ज्यानं पाहिली आहे त्याला मी काही सांगायला नको, आणि ज्यानं पाहिली नाही त्यानं पाहू नये. वरून मायला पाणी तोलून. किडन्या पाणी बाहेर टाकत नाहीत, म्हणून दिवसभराचं पाणी एका लहान बाटलीत. जास्त प्यायली की पाय सुजायचे, रात्री श्वास लागायचा. नदीकाठच्या बाईला घोटघोट पाणी मोजावं लागतं, हे बघताना मला कुणाची तरी गचांडी धरावीशी वाटायची. पण कुणाची धरणार?

अशा माणसाला गाडीत गारवा तरी हवा. गाडीला एसी होता. पण आमची गाडी म्हणजे जुनी सात सीटची डिझेल गाडी. तिला टर्बो होता, इंटरकूलर नव्हता. सपाट रस्त्यावर एसी चालायचा, घाट लागला की गाडी धापा टाकायची. दुसऱ्या गिअरला आणली तरी ओढायची नाही, मागून काळा धूर, आणि तापमानाचा काटा हळूहळू लाल रेघेकडे. एसी बंद केला की कशीबशी चढायची. म्हणजे नेमकं जिथे ऊन दगडांवर आपटून तोंडावर येतं, तिथेच एसी बंद.

खरं तर मला बंद करावा लागायचा नाही. घाटाचं पहिलं वळण आलं की मागून मायच म्हणायची, "बाबू, एसी बंद कर, मले थंडी वाजून राह्यली." डायलिसिसनंतर काही लोकांना हुडहुडी भरते, असं नर्सबाईंनी सांगितलेलंच होतं. मी बंद करायचो. बरंच वाटायचं मला, गाडी वाचली म्हणून.

एकदा बायको सोबत आली होती. घरी पोचल्यावर मायला खाटेवर निजवलं आणि बायको मला गोठ्यामागे घेऊन गेली. म्हणाली, "तुमाले खरंच समजत नाई का? त्याहिले थंडी घाट आला तेव्हाच काऊन वाजते? गडचांदुरात नाई वाजत, राजुऱ्यात नाई वाजत. पदर पाहा त्याहिचा, पिळला तर पाणी निघन." माय माझ्या इंजिनाला वाचवण्यासाठी भट्टीत बसून थंडी वाजल्याचं सोंग करत होती.

त्यानंतर मी हट्टानं घाटात एसी लावून ठेवला. माय म्हणाली बंद कर, मी म्हटलं नाही. परिणाम असा झाला की अर्ध्या घाटात काटा लाल रेघेवर गेला, बॉनेटमधून वाफ आली आणि आम्हा दोघांना भर दुपारी एका निष्पर्ण सागाखाली बसून राहावं लागलं. आगीतून फुफाट्यात. त्या दिवशी मायनं ठरलेलं सगळं पाणी संपवलं आणि वर आणखी प्यायली. रात्री तिला झोपता येईना. भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "आता मी नाई जात."

"कुठी?"

"चंद्रपूरले. पुरे झालं. घरी पडून राहीन, काय व्हायचं ते होईल."

मी आरडाओरडा केला. बायकोनं समजावलं. मामाचा वैनगंगेकाठून फोन आला, तो फोनवरच रडला. माय सगळ्यांना एकच उत्तर देत होती, "पुरे झालं." नर्सबाईंना फोन लावला तर त्या म्हणाल्या, "भाऊ, बंद करू नका. बंद केलं तर मग आपल्या हातात काही राहत नाही." आम्हाला वाटलं, मायनं जगण्याची आसच सोडली. वय झालं, कंटाळली. तसं असेल तर तिच्याशी भांडायचा मला काय अधिकार, असाही विचार येऊन गेला. पण मला भांडण्याशिवाय दुसरं येतं काय? तिच्याशी भांडून उपयोग नव्हता, म्हणून मी गाडीशी भांडायचं ठरवलं.

चंद्रपुरात बायपासच्या बाजूला एक मिस्त्री आहे. त्याला सगळे उस्ताद म्हणतात. मोहर्लीच्या सफारीच्या जिप्स्या त्याच्याकडे येतात, सूरजागडकडून उतरणारे खनिजाचे ट्रकही येतात. त्यामुळे त्याच्या आवारात एका बाजूला वाघ बघणारी आणि दुसऱ्या बाजूला डोंगर वाहणारी वाहनं उभी असतात. मी सकाळीच जाऊन गाडी त्याच्या दारात लावली आणि म्हटलं, "घाटात एसी चालू ठेवून चढली पाह्यजे. नाई चढली तर इथीच भंगारात सोडून जातो."

त्यानं बॉनेट उघडलं, इंजिनाकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "भाऊ, गुस्सा कमी करा. इंजन गरम, वरून तुमीही गरम." मग बोटानं टर्बो दाखवला. "हा टर्बो हवा दाबून इंजनले देते. दाबली का हवा तापते. तापलेली हवा पातळ. पोट भरत नाई तिनं. इंजन भुक्यापोटी घाट चढून राह्यलं तुमचं. मधात इंटरकूलर लागते. हवा थंडी करून पाठवायची, का मग जीव येते."

त्याच्या ढिगात अपघात झालेल्या एका पिकअपचा इंटरकूलर होता. रेडिएटरसारखाच दिसणारा, ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा चौकोनी पत्रा, दोन्ही बाजूंना हवा आत-बाहेर जायला तोंडं. तो आमच्या गाडीच्या नाकात मावत नव्हता. उस्तादानं त्याची एका बाजूची टाकी कापली, अरुंद केली आणि शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून ॲल्युमिनियमचं वेल्डिंग करून घेतलं. पुढचा बंपर काढला. एसीच्या आणि रेडिएटरच्या जाळ्यांच्या पुढे, थेट वाऱ्यात, दोन पट्ट्या ठोकून त्यावर तो इंटरकूलर बसवला. मी विचारलं, याला इतक्या पुढे कशाला, लपवा की कुठे आत. तो म्हणाला, "याले वाराच पाह्यजे भाऊ. याचं जेवण तेच आहे."

मग पाइप. टर्बोपासून पुढे नाकापर्यंत एक आणि नाकापासून परत इंजिनापर्यंत दुसरा. तयार पाइप मिळत नाहीत. बॅटरी चुकवायची, पंखा चुकवायचा, हेडलाइटच्या मागून वळायचं. उस्तादानं आधी जाड तार घेतली आणि ती हातानं वाकवत वाकवत त्या वाटेनं फिरवली. तार बाहेर काढली तर तिचा आकार बघून मला हसू आलं, आमच्या घाटाचाच रस्ता होता तो. तारेप्रमाणे त्यानं ॲल्युमिनियमच्या वाकड्या पाइपांचे तुकडे कापले, जोडले, सांध्यांवर रबराचे जाड नळ चढवले आणि वरून पट्ट्या आवळल्या. मी दिवसभर तिथेच होतो. दुसरीकडे जायचं मन नव्हतं आणि थांबलो की काम लवकर होईल, असा माझा आपला समज.

पहिल्या चाचणीत फजिती झाली. बायपासवर जोर दिला आणि पुढून बार उडाल्यासारखा आवाज आला, गाडीचा सगळा दम गेला आणि मागचा मोटारसायकलवाला धुरात दिसेनासा झाला. रबराचा नळ पाइपावरून निसटला होता. मी उस्तादाच्या सात पिढ्यांना आवाज देणार इतक्यात तोच कपाळावर हात मारून म्हणाला, "पाइपले ओठ काढाचे राह्यले." पाइपाच्या टोकाला उंचवटा हवा, त्यात नळ अडकतो, गुळगुळीत पाइपावर दाबाची हवा नळाला ढकलून देते. त्यानं टोकांना वेल्डिंगचा गोल उंचवटा दिला, आत लागलेलं तेल पुसलं आणि पट्ट्या पुन्हा आवळल्या. मग कॉम्प्रेसरनं आत हवा भरून प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी निघालो.

त्या चढणीबद्दल मी कितीही बोलू शकतो, बायको मध्येच उठून जाते. ऊन तेच, घाट तोच, एसी पूर्ण चालू, आणि गाडी तिसऱ्या गिअरला चढत होती. काटा मध्यावर. जिथे दर वेळी गिअर पाडायचो त्या वळणावर हात सवयीनं गिअरवर गेला आणि तसाच राहिला. मी एकटाच होतो गाडीत, तरी मोठ्यानं म्हणालो, "पाह्य माय, पाह्य."

घरी येऊन मायच्या खाटेपाशी बसलो आणि सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग उठली, काठी टेकत अंगणात आली आणि बंपरच्या फटीतून त्या चकचकीत इंटरकूलरकडे बराच वेळ बघत राहिली. पात्यांवरून बोट फिरवलं. "लई नाजूक आहे हे. गोटा लागला त?"

मी म्हटलं, "लागते कधी कधी. पत्ती वाकते."

"अन् फुटलं त?"

"फुटलं त पुन्हा तेच. गाडी घाटात बसन."

ती म्हणाली, "ठीक आहे. ही एक खेप येतो. घाटात पुन्हा तसंच झालं, त मग मले उचलून नेलं तरी येत नाई. मंजूर?"

मंजूर म्हणण्यावाचून माझ्या हातात काय होतं?

रविवारी मी शेतावरून आलो तेव्हा माय अंगणात गाडीसमोर पाट टाकून बसली होती. तिनं इंटरकूलरला जाळं बांधलं होतं. काळ्या नायलॉनचं, अगदी बारीक डोळ्यांचं. तिच्या माहेरी मत्स्यबीज सोडलेल्या खड्ड्याच्या तोंडाला बांधतात तसलं, ज्यातून बोटभर मासाही जात नाही. तेही दुहेरी. चारी कोपऱ्यांना घट्ट गाठी, कुठे सुरकुती नाही. तिच्या एका हाताला डायलिसिसच्या सुया टोचायला शीर जोडून तयार केलेली, त्या हातानं जोर करायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. तरी तिनं ते जुनं जाळं शोधून, धुऊन, मापात कापून, दुसऱ्या हातानं आणि दातांनी बांधलं होतं. "आता गोटा काय, मच्छरही लागत नाई तुह्या त्या डब्याले," ती म्हणाली.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. जाळं बांधलं, म्हणजे तिला गाडी टिकायला हवी होती. गाडी टिकायला हवी, म्हणजे ती येणार होती. मी फोटो काढला, मामाला पाठवला. मामानं अंगठा पाठवला. साऱ्या नात्यात मासेमारी जाणणारी दोन माणसं आणि गाडी जाणणारा मी एक, पण तिघांपैकी कुणाच्याही डोक्यात तेव्हा काही शिरलं नाही.

सोमवारी पहाटे उतरताना सगळं ठीक होतं. राजुऱ्याच्या पुढे ऊन वर आलं आणि काटा मध्याच्या थोडा वर सरकला. माय मशीनवर असताना मी दवाखान्याच्या बाहेर येऊन उस्तादाला फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोललो. तो मोहर्लीला कुणाची बंद पडलेली जिप्सी काढायला गेला होता. माझं संपल्यावर त्यानं शांतपणे विचारलं, "भाऊ, पुढून हवा लागून राह्यली ना त्याले?"

"लागते ना! काऊन नाई लागणार? गाडीच्या नाकावरच त ठोकला तुमी!"

"मग आवळपट्ट्या पाहा. सैल झाल्या असतील."

मी पट्ट्या तपासल्या. घट्ट होत्या. पट्ट्या तपासताना माझं डोकं त्या काळ्या जाळ्यापासून वीतभर अंतरावर होतं. काखेत कळसा म्हणतात ते हेच.

दुपारी माय बाहेर आली. तोंड सुकलेलं, ओठांना भेगा. मागच्या सीटवर आडवी झाली. मी एसी लावला आणि गडचांदूरपर्यंत देवाचं नाव घेत आलो. माझा देवावर फारसा भरवसा नाही, पण तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. घाट सुरू झाला. पहिलं वळण, दुसरं वळण. गाडी ओढेना. मी गिअर पाडला. काटा चढायला लागला. आरशात मायचे डोळे दिसत होते, ती काट्याकडेच बघत होती. या वेळी ती थंडी वाजते म्हणाली नाही. काहीच म्हणाली नाही. मला ते जास्त लागलं.

काटा लाल रेघेला टेकला आणि मी गाडी कडेला मोहाच्या झाडाखाली घेतली. टर्बोची गाडी तापल्या तापल्या एकदम बंद करायची नसते, म्हणून इंजिन तसंच मंद सुरू ठेवलं, बॉनेट उघडलं आणि रस्त्यात उभा राहून ओरडलो. उस्तादाला, उन्हाला, डोंगराला. मायला सांगितलं, तू आतच बस. अर्थातच ती उतरली. काठी टेकत गाडीच्या नाकासमोर आली आणि खाली बसली.

जाळं काळं राहिलं नव्हतं. सिमेंटच्या ट्रकांची राखाडी धूळ, पहाटेचे किडे, गवताची कुसळं, सगळं त्याला चिकटलेलं. मायनं बोटानं ते खरवडलं. मग झाडाखालचं एक वाळलेलं पान उचललं आणि जाळ्यावर धरून सोडलं. आतला पंखा भणभणत होता, तरी पान सरळ खाली पडलं. तिनं एका कोपऱ्याची गाठ सैल केली, जाळं वर उचललं आणि तेच पान इंटरकूलरच्या पात्यांवर धरलं. पान चटकन चिकटून बसलं.

ती तशीच बसून राहिली. मलाही कळलं.

"म्याच लावलं हे," ती म्हणाली.

"नाई माय. जाळ्यानं काय होते? गाडीच भंगार आहे."

"मले शिकवू नको. ढिवराची पोर आहो मी. बारीक जाळं वाहत्या पाण्यात बांधलं का बांध होते, हे मले पाचव्या वर्षी माहीत होतं. पण मले वाटलं, पाण्याले वजन आहे, हवेले काय? हवा कुठूनही जाईन." मग म्हणाली, "दुहेरी केलं वरून. एकेरी पुरत होतं. माह्या जीवाले भेव, फुटन म्हणून."

मी पान्ह्यांच्या पिशवीतून करवतीची पात काढली, पण मला कापवेना. तिच्या हाताकडे बघून कापवेना. म्हटलं, गाठी सोडू, घरी पुन्हा कामाला येईल. "द्या इकडे," ती म्हणाली. ती मला अहोजाहो करते ती फक्त चिडली की. पात माझ्या हातातून घेतली आणि चारही कोपरे करकर कापून जाळं रस्त्याच्या कडेला टाकलं. पुन्हा त्याच्याकडे बघितलंही नाही.

मी इंजिन बंद केलं, ते गार व्हायला वेळ लागला. मग ओलं फडकं टाकून रेडिएटरचं झाकण काढलं, तर पाणी खाली गेलेलं. माझ्या कॅनमधलं ओतलं, पुरलं नाही. तेवढ्यात मायनं आपली लहान बाटली पुढे केली. तिची दिवसाची. अर्ध्याहून जास्त भरलेली होती. त्या उन्हात, त्या कोरड्या तोंडानं तिनं ती राखून ठेवली होती.

"ते नको," मी म्हटलं.

"टाक. मले कमीच प्या म्हणतात, तिले त कोनी म्हणत नाई."

मी ओतलं. डोळ्यांत पाणी आलं ते घामात खपून गेलं. निघालो. एसी लावला आणि मुद्दामच तिला विचारलं नाही. पहिला चढ. गाडीनं ओढ घेतली. मागून आवाज आला, "काटा कुठी आहे?"

"मधात."

पुढचं वळण. "आता?"

"मधातच आहे माय."

तिसऱ्या वळणावर ती विचारायची वाट बघितली. आवाज आला नाही. आरशात पाहिलं तर तोंड उघडं टाकून झोपली होती. मी त्या घाटात इतक्या हळुवार वळणं आयुष्यात घेतली नसतील. समोरून एक ट्रक माझ्या बाजूला घुसला, तरी मी हॉर्न वाजवला नाही.

घरी अंगणात गाडी थांबली तेव्हा ती जागी झाली. आजूबाजूला बघून तिला क्षणभर उमजेना. मी चावी फिरवणार तोच म्हणाली, "थांब. बंद करू नको. थोडं बसू दे." मी चालूच ठेवली. बायको दारात आली, मी तिला हातानंच थांब म्हटलं. मायनं एसीच्या झरोक्यासमोर चेहरा आणला, डोळे मिटले. वारा तिच्या कपाळावरच्या केसांना लागत होता.

डोळे न उघडताच ती म्हणाली, "मले मराचं नोहतं रे."

मी आरशातून तिच्याकडे बघितलं.

"तुमी सारे समजले, मायनं आस सोडली. मामा रडला. तू मनातल्या मनात तयारी करत होता, मले दिसत होतं. आस कायची सोडते? मले गरमी होत होती, बस. सांगाले लाज वाटे. एवढं सारं तुमी करून राह्यले, अन् मी काय म्हणू, का मले गरमी होते?"

मी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि हुंदके देऊन रडलो. एवढ्या मोठ्यानं, की बायको धावत आली आणि मागचं दार उघडून आधी मायच्या छातीला हात लावून बघू लागली.

मायनं तिचा हात बाजूला केला. "मले काई झालं नाई. याले पाहा." मग पुढे वाकून माझ्या पाठीवर थापटलं आणि म्हणाली, "रडाचं असन त गाडी बंद करून रड. गुरुवारी जायचं आहे, डिझेल पुरलं पाह्यजे."